बाटलीच्या गळ्यातली चिंधी

बाटलीच्या गळ्याला चिंधी बांधलेली दिसली की आमच्या घरातल्या माणसाचा हात मागे येतो. विचार नंतर येतो, हात आधी येतो. साठी उलटली, नोकरी संपली, दात गेले, पण हा हात काही बदलला नाही.

चुडाव्याजवळच्या आमच्या गावी वडील फवारणीच्या औषधाचा मोठा डबा चुलत्यांबरोबर वाटून घेत. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. पिकाच्या बाजूनं पाहिलं तर ते बरोबरच आहे. वाटणी व्हायची ती घरात सापडेल त्या रिकाम्या बाटलीत. सरबताची, काकवीची, खोकल्याच्या औषधाची, कुठलीही. मग वडील जुन्या धोतराची पट्टी टर्रकन फाडून तिच्या गळ्याला गाठ मारत आणि आम्हा पोरांना समोर उभं करून ती बाटली दाखवत. दाखवून झाली की प्रत्येकाला एक थप्पड. गुन्हा घडण्याआधीच शिक्षा उरकण्याची ही पद्धत मी नंतर कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात वाचली नाही, पण तिचा परिणाम मात्र पक्का होता. एकदा शेजारच्या वासरानं सांडलेलं औषध चाटलं होतं. त्याचे चारही पाय कसे ताठ झाले ते मी पाहिलं, आणि नंतर दुसऱ्या थपडेची गरज पडली नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एका शुक्रवारी सकाळी तशीच एक बाटली परभणीतल्या आमच्या घरी, आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

त्याच्या आदल्या दिवशी मी कॉलेजात गेलो होतो. मी तिथल्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. कुणीही न नेलेले शब्दकोश वाचायची सवय मला तिथंच लागली. निवृत्तीनंतरही अधूनमधून बोलावणं येतं, विशेषतः खुर्च्या भरायच्या असतील तेव्हा. या वेळी ‘विदेशी भाषा कक्षा’चं उद्घाटन होतं. कक्ष म्हणजे दोन संगणक, प्लास्टिकच्या फुलांची एक कुंडी आणि दाराएवढा फलक. पाहुणे पुण्याहून आले होते. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि सांगितलं, की युरोपातल्या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, एक शिकली की बाकीच्या आपोआप येतात. टाळ्या झाल्या. बहिणी असल्या की घरं सारखी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांना बहिणी नसाव्यात.

माझ्याकडे आभारप्रदर्शन होतं. आभार मानता मानता मी चार शब्द घुसवायचं ठरवलं होतं. एस, ए, एल, ई ही चार अक्षरं घ्या, मी म्हणालो. आपल्या स्टेशन रोडवर ती दर दिवाळीला कापडावर लटकतात. इंग्रजीत त्यांचा अर्थ विक्री; हा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या ‘हवाली करणे’ या अर्थाच्या शब्दावरून आला. इटलीत हीच अक्षरं जेवणाच्या टेबलावर असतात, कारण तिथं ती म्हणजे मीठ, थेट लॅटिनमधून आलेलं. फ्रान्समध्ये त्यांचा अर्थ मळका, आणि तो शब्द तिसऱ्याच कुणाकडून आलेला. तिघांची आई वेगळी, बाप वेगळा, फक्त तोंडवळा एक. आपल्याकडच्या सेलमधले कपडे पाहता फ्रेंच अर्थ अधिक... एवढ्यात सूत्रसंचालकानं माझ्या सदऱ्याची मागची बाजू ओढली. लोक चहाकडे निघाले होते.

म्हणजे माझ्या पोटात अर्धं भाषण तसंच राहिलं होतं. शुक्रवारी सकाळी बाटली आली तेव्हा मी ते बायकोला ऐकवण्याच्या तयारीत होतो.

बाटली गावाकडून आलेल्या ओळखीच्या जीपवाल्यानं दिली. पिशवीत हरभऱ्याची डाळ, थोडी चिंच आणि तळाशी ती. थंड पेयाची जुनी बाटली, आत पिवळसर दाट द्रव, गळ्याला चिंधी. बायकोनं पिशवीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. तीही आमच्या घरात इतकी वर्षं आहे, की तिचा हातही आता आमच्यासारखाच वागतो. तिनं पिशवी चिमटीत धरून मागच्या अंगणात नेली, हात साबणानं दोनदा धुतले आणि म्हणाली, “तुमच्या दादांना विचारा, घरात विष कोण पाठवतं?”

दादा आणि वहिनी पाथरीला लग्नाला गेले होते. आमची सगळी भावकीच गेली होती, कारण नवरा मुलगा भावकीतला होता. गावातल्या घरी फक्त पुतण्याची बायको आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ होतं. ती जिंतूरकडची. लग्न झाल्यावर ती पुतण्याबरोबर संभाजीनगरला राहिली, कारण त्याची नोकरी तिथल्या कारखान्यात आहे. बाळंतपणाला माहेरी गेली, आणि बाळाला घेऊन सासरी गावात नुकतीच आली होती. तिला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

बायकोनं सरळच विचारलं, चिंधीची बाटली कशाला पाठवलीस, औषध कुणी मागितलं होतं. ती हसली. नाक चोंदलेलं होतं, हसताना शिंकली.

“औषध न्हाई हो काकू, तेल हाय ते. करडीचं. माहेराहून आलंय. आमच्यात पैल्या घाण्याचं तेल चिंधी बांधून ठेवतेत. मारुतीला घालतेत, आन् मानाच्या माणसाला देतेत.”

चिंधी कुठली तेही तिनं सांगितलं. मारुतीला वर्षभर नेसवलेलं वस्त्र उतरलं की त्याच्या पट्ट्या करतात आणि घरोघरी वाटतात. त्यातली पट्टी पहिल्या तेलाला.

मला अतिशय आनंद झाला. आमची चिंधी फाटक्या धोतराची, तिची देवाच्या वस्त्राची; आमची म्हणते दूर हो, तिची म्हणते घ्या. तोंडवळा एक. पाहुण्यांना हे फुकट ऐकवायला हवं होतं. त्या आनंदात ती पुढं काय बोलली ते माझ्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही.

“इथं बी कोठ्यात दिसल्या की मला दोन, चिंधीच्या,” ती म्हणाली. “तुमच्यात बी हीच रीत हाय बघून लय बरं वाटलं. बरं, बाळाला तेल लावायचंय. ठेवते, काकू.”

फोन बंद झाला आणि मी सुरू झालो. बायको चहाची भांडी घासत होती. मी तिला सांगितलं, की ‘बुर्रो’ हा शब्द इटलीत मागितला तर लोणी मिळतं आणि स्पेनमध्ये गाढव. लोणी ग्रीकांच्या गोठ्यातून चालत आलं, गाढव लॅटिनमधल्या तट्टावरून, आणि वाटेत दोघांचे इतके टवके उडाले की शेवटी दोघं एकसारखे दिसायला लागले. मग मी ‘गिफ्ट’वर आलो. हा मात्र उलटा प्रकार. इथं मूळ एकच, देणे. इंग्रज जे देतो ती भेट. स्वीडनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ लग्न झालेली, म्हणजे आपण मुलगी दिली म्हणतो तसं. आणि जर्मनीत वैद्यानं दिलेला डोस होता होता त्याचा अर्थ झाला...

“थांबा,” बायको म्हणाली. तिच्या हातातलं पातेलं तसंच होतं. “ती काय म्हणाली? कोठ्यात दोन बाटल्या?”

‘विष’ हा जर्मन अर्थ सांगायची वेळ आली नाही.

गावातल्या घरामागे आमचा कोठा आहे. त्यातली जनावरं केव्हाच गेली, नाव तेवढं राहिलं. आता तिथं फवारणीचा पंप, खताची पोती, आणि वरच्या खुंटीला दादानं टांगलेल्या चिंधीच्या बाटल्या. वहिनीनं सुनेला घर दाखवलं असणार: देवघर, कणगी, पाण्याची टाकी. चिंधीबद्दल मात्र कुणी सांगितलं नसणार. ते आम्ही पोरांना सांगतो. मोठ्या माणसाला चिंधीचा अर्थ सांगायचा असतो हेच आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. पाणी ओलं असतं हेही सुनेला कुणी सांगत नाही.

आणि तिला सर्दी होती. वास येणार नव्हता. तिचे शेवटचे शब्द होते, बाळाला तेल लावायचंय.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. गावात सकाळची वीज गेली की फोन असे झोपतात. दादाला लावला, रिंग वाजत राहिली. पाथरीच्या मांडवात डीजे लागला असेल तर त्याला तोफही ऐकू आली नसती. वहिनीचा फोन दादाच्याच खिशात असतो. पुतण्याला लावला, कारखान्यात आत जाताना फोन बाहेर ठेवून घेतात. गावातल्या किराणा दुकानदाराला लावला. तो उचलला गेला, मागून बँड ऐकू आला आणि तो ओरडून म्हणाला की आपण लग्नात आहोत, बुंदी फार चांगली झाली आहे. मी त्याला काय सांगितलं ते आता आठवत नाही. त्यानं “हो हो, नमस्कार” म्हणून फोन ठेवला. शेजाऱ्यांचे नंबर माझ्याकडे नव्हते. शेजाऱ्यांच्या घरी कधीही हाक मारता येते, त्यांचा नंबर कोण ठेवतो?

बायकोनं चपला घातल्या होत्या. रिक्षात बसल्यावर मी पाहिलं, की माझ्या हातात अजून चहाचा कप आहे.

नांदेडकडे जाणारी पॅसेंजर स्टेशनात उभी होती. जीप भरेपर्यंत जीपवाला हलत नाही, गाडी निदान सुटते तरी, असं बायको म्हणाली आणि आम्ही चढलो. गाडी सुटली आणि पूर्णेच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना कापूस उपटलेली रानं असलेल्या जागी, थांबली. क्रॉसिंग होतं. समोरून येणाऱ्या मोठ्या गाडीला वाट द्यायची होती. लहान गाड्यांनी मोठ्या गाड्यांपुढे थांबायचं हा नियम मी आयुष्यभर पाळला आहे, पण इतका ओरबाडणारा तो मला कधी वाटला नव्हता.

भीतीचं एक असतं. ती डोळ्यांपुढे चित्रं आणते आणि प्रत्येक चित्रात तपशील फार बारीक असतो. मला वाटी दिसली. वाटीत कोमट केलेलं तेल. आमच्याकडे लसूण टाकून कोमट करतात, जिंतूरकडे ओवा टाकत असतील. तिची बोटं वाटीत बुडलेली दिसली. मग टाळू. पाच महिन्यांच्या बाळाची टाळू अजून मऊ असते, तिथं तेल जिरवायचं असतं, आणि बाया ते किती प्रेमानं जिरवतात. मग छाती, मग मांड्यांच्या वळ्या. मग मला ते वासरू दिसलं आणि मी खिडकीचे गज धरले.

समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. बायकोनं त्यांना सगळं सांगितलं, अगदी थोडक्यात, जसं काही दुसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं. ते ऐकून डब्यातली तीन-चार माणसं जवळ सरकली. म्हातारे म्हणाले, आमच्यात औषधाच्या बाटलीला बाभळीचा काटा खोचतेत. पलीकडची बाई म्हणाली, तिच्या गावात चुन्याचा पट्टा ओढतात. कुणाला आणखी काही आठवलं. युरोपाची गरज नव्हती. एका डब्यात प्रत्येक गावाची खूण वेगळी निघत होती, आणि प्रत्येकाला आपली खूण सगळ्या जगाला कळते अशी खात्री होती. एरवी मी ते लिहून घेतलं असतं. त्या वेळी मला एवढंच ऐकू येत होतं की गाडी हलत नाही.

तिला औषध ओळखू येईलच, अशी मी मनात बाजू मांडू लागलो. ते दाट आहे, कडू आहे, पाणी घातलं की दुधासारखं होतं. पण अंगाला लावताना पाणी कोण घालतं? रंग थोडा गडद असतो. पण करडीचं तेलही कधी गडद असतं. वास उग्र असतो. तिला सर्दी होती. प्रत्येक बाजू सर्दीपाशी येऊन पडत होती.

मोठी गाडी आली, धडधडत गेली. तिच्या वातानुकूलित डब्यातून कुणी बाहेर पाहत नव्हतं. मग आमची हलली.

चुडाव्याला उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर एकच मोटारसायकल होती, एका ओळखीच्या मास्तरांची. ते काही बोलायच्या आत मी मागे बसलो. बायको म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी येते चालत. तिचे गुडघे दुखतात. ती भर उन्हात खरोखर चालत निघाली.

गाव रिकामं होतं. लग्नाच्या दिवशी गाव जसं असतं तसं: कुत्री, कुलपं आणि वाळत घातलेल्या मिरच्या. आमचं दार उघडं होतं. मी हाक मारली नाही. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर, असं वाटलं.

आत झोळीत बाळ झोपलं होतं. त्याच्या कपाळावर, गालावर तेल चमकत होतं. मी झोळीपाशी गेलो, वाकलो आणि त्याच्या टाळूला नाक लावलं. मला काही कळेना. धापा टाकून टाकून माझ्याच नाकात रक्ताचा वास होता. बाळाचं पोट वर झालं, खाली झालं. परत वर झालं. मी त्या पोटाकडे पाहत गुडघ्यावर तसाच बसलो.

सून परसातून बादली घेऊन आली आणि मला तसं बघून दारातच थांबली. “काका? काय झालं?”

“तेल कुठलं लावलंस?”

“माहेरचं. थोडं उरलं होतं तेच.”

“कोठ्यातल्या बाटल्या?”

तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. फळीवर, तुपाच्या डब्याशेजारी, दोन्ही बाटल्या नीट पुसून ठेवलेल्या होत्या. इतकं चांगलं तेल खताच्या पोत्यांत टांगून ठेवलंय, सासूबाईंना लग्नाच्या गडबडीत आठवण राहिली नसेल, म्हणून तिनं आणल्या होत्या. झाकणं उघडली नव्हती.

“ते उद्या,” ती म्हणाली. “उद्या शनवार हाय ना. चिंधीचं तेल आधी मारुतीला घालावं लागतंय, मग बाळाला. शनवारावाचून चिंधी सोडत न्हाईत आमच्यात.”

मी तिला सांगितलं, बाटल्यांत काय आहे ते. फार कमी शब्दांत सांगितलं. तिनं बादली खाली ठेवली. झोळीतून बाळाला उचललं, झोपेतून जागं झालं तरी उचललं, आणि अंगणात जाऊन कडुनिंबाखाली त्याला छातीशी धरून उभी राहिली. बाळ रडत होतं. ती त्याला थोपटत नव्हती, नुसती घट्ट धरून होती. तिथूनच म्हणाली, “मला कुणीच सांगितलं न्हाई, काका.”

मी बाटल्या चिंध्यांना धरून उचलल्या. हात मागे येत होता, तरी उचलल्या, आणि कोठ्यात नेऊन खुंटीला टांगल्या. मग खुंटीवरही भरवसा वाटेना, म्हणून पंपाच्या लोखंडी पेटीत घालून कडी लावली. तेवढ्यात बायको पोचली. घामानं भिजलेली. ती सरळ कडुनिंबाकडे गेली आणि दोघी तिथं उभ्या राहिल्या.

संध्याकाळी दादा-वहिनी परतले, अंगावर अत्तर, हातात बुंदीची पुडी. सगळं ऐकल्यावर वहिनी दाराच्या उंबऱ्यावरच बसली, नवं लुगडं मळेल याचा विचार न करता. दादानं पेटीला कुलूप आणून लावलं. मी म्हणालो, बाटल्यांवर मोठ्या अक्षरात लिहूया. दादा म्हणाला, “लिव्ह की. आन् वाचता न येणाऱ्याला?” शनिवारी सकाळी सुनेनं मारुतीला दुकानातलं तेल घातलं. बाळाला त्या दिवशी तिनं काहीच लावलं नाही, नुसत्या पाण्यानं न्हाऊ घातलं.

आता ती संभाजीनगरला परत गेली आहे. बाळ रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं. शनिवारी सकाळी मी तिला फोन करतो. का करतो हे आम्ही दोघंही बोलत नाही. ती बाळाचं सांगते, दाताचं, पडण्याचं. फोन ठेवताना एकदा हमखास विचारते, “आन् काका, माझं तेल खाल्लं का न्हाई अजून?”

“खाल्लं की,” मी म्हणतो. “चांगलं होतं.”

ती बाटली मागच्या अंगणातल्या कोनाड्यात आहे. चिंधीवर शेंदराचा डाग आहे, नीट पाहिलं तर दिसतो. त्यात तेल आहे, पहिल्या घाण्याचं, देवाच्या वस्त्राची पट्टी बांधलेलं, मानाच्या माणसासाठी आलेलं. हे मला माहीत आहे, बायकोला माहीत आहे. आमच्यापैकी कुणाचाही हात तिकडे जात नाही.